कंट्रोल-एस: थांब म्हणणारी कळ

टर्मिनलच्या काळ्या खिडकीत काम करायला शिकणाऱ्या प्रत्येकावर एक प्रसंग हटकून येतो. हात सवयीनं कंट्रोल-एसवर जातो, कारण बाकी सगळीकडे त्यानं फाइल सेव्ह होते. इथे पडदा जागच्या जागी गोठतो. अक्षर उमटत नाही, एंटर बडवून काही हलत नाही. ‘हँग झालं’ म्हणत खिडकी बंद केली जाते आणि तिच्याबरोबर अर्धवट कामही जातं. प्रत्यक्षात काहीच बिघडलेलं नसतं. ‘थांब’ असा हुकूम मिळाला आणि तो पाळला गेला, एवढंच. कंट्रोल-क्यू दाबलं की सगळं पुन्हा सुरू होतं. मधल्या वेळात वैतागून जे काही टाइप केलं असेल तेही मग एका दमात बाहेर पडतं, आणि त्यात एखादी आज्ञा आणि एंटर असेल तर ती आज्ञा बजावलीही जाते.

हा हुकूम मुळात पडद्यासाठी नव्हता, आणि माणसानं देण्यासाठीही नव्हता. तो होता कागदी पट्टी वाचणाऱ्या यंत्रासाठी.

1963 साली अमेरिकेतल्या टेलिटाइप कॉर्पोरेशननं मॉडेल 33 हा टेलिप्रिंटर बाजारात आणला. वृत्तसंस्थांच्या बातम्या ज्यावर खडखडत आपल्या वर्तमानपत्रांच्या कचेऱ्यांत यायच्या, त्या यंत्राच्याच घराण्यातला हा. पुढच्या काळात संगणकाला जोडण्याचं सर्वांत स्वस्त साधन म्हणून तो विद्यापीठांत आणि प्रयोगशाळांत पसरला. युनिक्समध्ये टर्मिनलला आजही टीटीवाय म्हणतात, ते टेलिटाइपवरूनच. मॉडेल 33चा वेग सेकंदाला 10 अक्षरं. त्याच्या एएसआर नावाच्या आवृत्तीत डाव्या अंगाला कागदी पट्टीला भोकं पाडणारा पंच आणि ती भोकं वाचणारा रीडर होता. संगणकाशी जोडलेल्या वेळाचे पैसे पडायचे. म्हणून लोक आधी जोडणीशिवाय आपला प्रोग्राम पट्टीवर पंच करून ठेवत आणि मग जोडणी घेऊन पट्टी रीडरमध्ये सरकवत.

अडचण इथेच यायची. रीडर एकदा सुरू झाला की तो अक्षरं पाठवत सुटणार, मग पलीकडच्या संगणकाला ती घ्यायला सवड असो वा नसो. अशा वेळी संगणकालाच तारेवरून रीडर थांबवता यायला हवा. ही सोय अक्षरांच्या सांकेतिक तक्त्यातच केलेली होती. 1963 सालीच ठरलेल्या आस्की या प्रमाणित तक्त्यात 128 जागा आहेत. त्यांतल्या सुरुवातीच्या 32 आणि अगदी शेवटची एक, अशा 33 जागा छापायच्या अक्षरांना दिलेल्याच नाहीत. त्या यंत्राला द्यायच्या हुकमांना आहेत. 7 म्हणजे घंटा वाजव, 10 म्हणजे कागद एक ओळ वर सरकव, 13 म्हणजे छापणारा भाग ओळीच्या आरंभी ने. 17 ते 20 हे चार अंक जोडलेल्या उपकरणांसाठी राखून ठेवले होते. मॉडेल 33मध्ये 17 आला की रीडर चालू, 19 आला की बंद. पंचासाठी तसेच 18 आणि 20.

शेवटच्या जागेची गंमत इथेच सांगून टाकतो. 127 म्हणजे डिलीट, आणि ती यादीच्या तळाला एकटी का पडली याचं उत्तर पट्टीत आहे. कागदाला पडलेलं भोक बुजवता येत नाही. चुकीचं अक्षर खोडायचं तर त्या जागी सातही भोकं पाडून टाकायची, आणि सातही भोकं म्हणजे 127. वाचताना ती जागा सोडून द्यायची, असा संकेत.

आता कंट्रोल कळ काय करते ते पाहू. ती दाबून धरली की अक्षराच्या क्रमांकातून 64 वजा होतात. यंत्राच्या भाषेत एक भोक कमी पडतं. जी हे अक्षर 71 वर, म्हणून कंट्रोल-जी म्हणजे 7, घंटा. एम 77 वर, म्हणून कंट्रोल-एम म्हणजे 13. आज टर्मिनलमध्ये एंटरऐवजी कंट्रोल-एम दाबून पाहा, फरक पडत नाही, कारण दोन्हींतून 13च जातो. डावा चौकटी कंस 91 वर, त्यातून 64 गेले की 27, म्हणजे एस्केप. कंट्रोल-सीला पाठांतर करून ‘बंद कर’ म्हणणाऱ्यांना सी म्हणजे कॅन्सल वाटतं. वस्तुतः तो 67 उणे 64, म्हणजे 3, आणि तक्त्यात त्याचा अर्थ ‘मजकूर संपला’. चालू प्रोग्राम तोडण्याचं काम त्याला डेक कंपनीच्या संगणकांवर मिळालं. जुन्या युनिक्सवर ते काम डिलीट करत असे.

याच हिशेबानं एस 83 वर, म्हणून 19. क्यू 81 वर, म्हणून 17. मॉडेल 33च्या कीबोर्डवर या दोन कळांच्या डोक्यावर बारीक अक्षरांत एक्स-ऑफ आणि एक्स-ऑन असं छापलेलंच असे. म्हणजे एस हे अक्षर ‘स्टॉप’वरून आलेलं नाही, तक्त्यातल्या क्रमानं ते त्याच्या वाट्याला आलं.

पुढे दिशा उलटली. संगणकानं रीडरला थांबवायचं, तसंच माणसानं संगणकाला थांबवावं, हे ओघानंच आलं. टेलिप्रिंटरवर त्याची फार निकड नव्हती. कागद हातात राहायचा, सावकाश वाचता यायचं. काचेच्या पडद्यावर मात्र गेलेली ओळ गेलीच. 80 अक्षरांच्या 24 ओळी म्हणजे 1920 अक्षरं. टेलिप्रिंटरला एवढं छापायला तीन मिनिटांहून जास्त वेळ लागे. 9600 बॉडच्या तारेवर सेकंदाला 960 अक्षरं येतात, म्हणजे अख्खा पडदा दोन सेकंदांत भरून वाहू लागतो. लांबलचक यादी वाचायची तर डावा हात कंट्रोलवर ठेवून एस, क्यू, एस, क्यू करत बसण्यावाचून इलाज नव्हता. डॉसवर फाइलींची यादी अशीच अडवून वाचलेले लोक अजून आपल्यात आहेत. 1978 साली डेकनं काढलेल्या व्हीटी100 या गाजलेल्या टर्मिनलवर तर ‘नो स्क्रोल’ अशी स्वतंत्र कळ होती: एकदा दाबली की एक्स-ऑफ, पुन्हा दाबली की एक्स-ऑन. शिवाय मजकूर झेपेनासा झाला की व्हीटी100 स्वतःच, कुणाला न विचारता, संगणकाकडे एक्स-ऑफ धाडत असे.

आणि मग एका कळीवर अनेकांनी हक्क सांगितला. 1978च्याच वर्डस्टारमध्ये कंट्रोल-एस म्हणजे कर्सर एक अक्षर डावीकडे. ईमॅक्समध्ये कंट्रोल-एस म्हणजे शोध. व्हीटी100च्या एक्स-ऑफशी त्याची टक्कर व्हायची, म्हणून ईमॅक्सला अशा टर्मिनलांसाठी हा शोध दुसऱ्या कळीवर हलवण्याची खास सोय ठेवावी लागली. सेव्हचा अर्थ सर्वांत उशिरा आला आणि बाकीच्यांना पुरून उरला. ॲपलनं मॅकवर अशा कामांसाठी कमांड ही वेगळी कळ ठेवली, त्यामुळे तिथे कॉपी आणि कंट्रोल-सी यांचं भांडण झालंच नाही. विंडोज आणि लिनक्सवाल्यांनी दोन्ही कामं कंट्रोलच्याच गळ्यात बांधली. लिनक्सच्या टर्मिनलमध्ये कॉपी करायला शिफ्टही दाबावी लागते, ती त्यामुळे.

टर्मिनलची खिडकी आज व्हीटी100चं सोंग घेते आणि ते इमानानं वठवते. तार नाही, तरी तारेवरचे नियम ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, शाबूत आहेत. कंट्रोल-एस दाबलं की 19 हा अंक तुमच्या प्रोग्रामपर्यंत जात नाही. वाटेतच टीटीवायचा थर तो गिळतो आणि बाहेर जाणारा मजकूर अडवून धरतो. माझ्या मते कंट्रोल-सी, कंट्रोल-डी, कंट्रोल-झेड यांनी आपली जागा कमावली आहे. एस-क्यूच्या जोडीची मुदत मात्र संपली. मागे गेलेला मजकूर माउसचं चाक फिरवून परत आणता येतो, आणि पानापानानं वाचायला मोअर आणि लेस आहेत. थांबवायला उरलंय काय?

म्हणून टर्मिनलमध्ये आज्ञा घेणाऱ्या बॅश या शेलच्या बॅशआरसी फाइलीत एक ओळ घाला: एसटीटीवाय, मग एक मोकळी जागा, मग उणे चिन्ह आणि त्याला चिकटून आयएक्सऑन, सगळी अक्षरं लहान लिपीत. पडदा गोठणं बंद होईल, आणि वर एक जास्तीची सोय पदरात पडेल. बॅशमध्ये कंट्रोल-आर दाबून जुन्या आज्ञा मागे मागे शोधता येतात, हे बहुतेकांना माहीत असतं. शोधता शोधता हवी ती ओळ ओलांडून गेलात तर पुढच्या दिशेनं परत यायची कळही बॅशनं दिलेली आहे. ती कंट्रोल-एसच आहे.