ठिणगी कधी पडावी?

लहानपणी भुईनळा पेटवताना घरातली मोठी माणसे बजावायची, ‘वात पेटली की लगेच मागे हो.’ वात पेटणे आणि दारू पेटणे यांत थोडा वेळ जातो, तेवढ्या वेळात आपण सुटायचे. मोटारीच्या इंजिनातही असाच वेळ मोजावा लागतो. जन्मभर इतिहास शिकवला, पण त्यातला एक धडा मला निवृत्तीनंतर घेतलेल्या जुन्या एमजीबीने शिकवला. तो तुम्हाला सांगतो.

एमजीबी ही दोन आसनांची स्पोर्ट्‌स गाडी १९६२ ते १९८० या काळात ऑक्सफर्डजवळच्या अ‍ॅबिंग्डनला तयार होत असे. पाच लाखांहून अधिक गाड्या तिथून बाहेर पडल्या. तिचे १७९८ सीसीचे इंजिन ‘बी सिरीज’ घराण्यातले. याच घराण्यातले १४८९ सीसीचे इंजिन आपल्या अ‍ॅम्बॅसडरमध्ये होते. म्हणजे मुलांनो, तुमच्या आजोबांची अ‍ॅम्बॅसडर आणि इथली ही ऐटबाज गाडी नात्यातल्याच!

आता ठिणगीकडे वळू. पेट्रोल आणि हवेचे मिश्रण ठिणगी पडताच एकदम जळत नाही, ज्वाला पसरायला वेळ लागतो. म्हणून पिस्टन वरच्या टोकाला पोहोचण्याआधीच ठिणगी पाडतात. मिनिटाला ६०० फेरे असताना क्रँकशाफ्ट एका मिलिसेकंदात ३.६ अंश फिरतो, ६००० फेऱ्यांना ३६ अंश. वेग वाढला की ठिणगीही आणखी आधी पडायला हवी. फार जुन्या गाड्यांत हे काम चालक स्वतः स्टिअरिंगजवळची दांडी सरकवून करी. पुढे डिस्ट्रिब्यूटरमधली फिरती वजने आणि व्हॅक्यूमचा डबा ते आपोआप करू लागले. मात्र सुरुवात कुठून करायची, ते अजूनही माणसालाच ठरवावे लागते. यालाच टायमिंग लावणे म्हणतात.

पद्धत सोपी आहे. आधी पॉइंट्‌समधली फट ०.०१५ इंच ठेवायची. गाडी वरच्या गिअरमध्ये टाकून हळूच पुढे ढकलायची आणि पुलीवरची खाच टायमिंग कव्हरवरच्या हव्या त्या खुणेसमोर आणायची. रोटर पहिल्या सिलिंडरच्या वायरकडे वळलेला आहे ना, हे पाहायचे. मग डिस्ट्रिब्यूटरच्या बारीक वायरीच्या जोडापासून इंजिनच्या धातूपर्यंत १२ व्होल्टचा छोटा दिवा जोडून किल्ली फिरवायची. डिस्ट्रिब्यूटर सैल करून सावकाश फिरवताना दिवा लागला, तो क्षण पॉइंट्‌स उघडण्याचा, म्हणजेच ठिणगीचा. तिथेच बोल्ट आवळायचा.

माझ्या गाडीच्या छापील पुस्तिकेत १० अंश दिले होते. त्याच्या शेजारी पूर्वीच्या मालकाने पेन्सिलीने ‘७’ लिहिले होते. मी हसलो. छापील मजकुरापुढे समासातली खरड कोण मानणार? मी १० अंशांवर लावले. चढावर इंजिनातून खडे हलवल्यासारखा आवाज येऊ लागला. जुनी गाडी आहे, आवाज करणारच, असे म्हणत मी सहा महिने चालवली. शेवटी तिसऱ्या सिलिंडरचा पिस्टन तडकला.

चूक पुस्तिकेची नव्हती. तो आकडा १९६० च्या दशकातल्या पेट्रोलसाठी होता. तेव्हा त्यात शिसे मिसळत, आणि इथल्या ‘चार तारे’ पेट्रोलचा ऑक्टेन ९७ असे. २००० साल उजाडताना शिसे गेले. ते आरोग्यासाठी जायलाच हवे होते. आज पंपावर सर्रास मिळते ते ९५ ऑक्टेनचे. शिवाय माझ्या डिस्ट्रिब्यूटरमधल्या स्प्रिंगा ढिल्या झाल्या होत्या, त्यामुळे वजने लवकर पसरून ठिणगी आणखी आधी पडत होती. मिश्रणाचा उरलेला भाग ज्वाला पोहोचण्याआधीच दाबाने आणि उष्णतेने पेटे. तोच तो आवाज. पेन्सिलवाल्याने तो ऐकला होता आणि तीन अंश मागे घेतले होते.

वर्गात मी वर्षानुवर्षे सांगत आलो, ‘कागदावर काय लिहिले आहे ते पाहा, पण कधी आणि कोणत्या परिस्थितीत लिहिले, तेही विचारा.’ स्वतःच्या गॅरेजमध्ये मात्र विसरलो.

तुमच्यापैकी कुणाकडे अशी गाडी असेल, तर पुस्तिकेतल्या आकड्याने सुरुवात जरूर करा. मग इंजिन गरम करून चढावर न्या, खिडकी उघडून ऐका. खडखड आली तर एकेक अंश मागे या. फार मागेही जाऊ नका. ठिणगी उशिरा पडली की इंजिन तापते आणि जोर जातो. तुमचा आकडा सापडला की समासात लिहा, आणि शेजारी तारीख व पेट्रोलचा प्रकारही लिहा. पूर्वीच्या मालकाने तेवढे लिहिले असते, तर कदाचित मी हसलो नसतो.

माझ्या पुस्तिकेत ‘७’ च्या खाली आता हे सगळे लिहिलेले आहे. गाडी पुढे नातीकडे जाईल. तिने तो आकडा वाचावा, आणि मग स्वतःच्या कानांनी तपासून घ्यावा.