नाते, महाड आणि आपले वरिष्ठ सभागृह

महाडहून रायगडाकडे निघालेल्या यात्रेकरूस वाटेत नाते हे गाव लागते. गडाच्या ओढीने जाणारा मनुष्य तेथे क्वचितच थांबतो. परंतु आमच्या चांद्रसेनीय कायस्थ प्रभू ज्ञातीस या गावाचे मोल निराळे आहे. १४ जानेवारी १८९६ रोजी चिंतामण द्वारकानाथ देशमुख यांचा जन्म येथे झाला. मॅट्रिकच्या परीक्षेत मिळविलेली जगन्नाथ शंकरशेट संस्कृत शिष्यवृत्ती, केंब्रिजचे शिक्षण, आय. सी. एस. परीक्षेतील पहिला क्रमांक, १९४३ ते १९४९ या काळात रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर आणि १९५० ते १९५६ या काळात भारताचे अर्थमंत्री, ही मालिका आमच्या घरोघरी मुलांस सांगितली जाते. आणि ते योग्यच आहे. तथापि थोर पुरुषाचे नाव घेऊन संतोष मानावा व तेवढ्यावर थांबावे, हे आम्हांस उचित वाटत नाही. ज्या परिसराने चिंतामणराव दिले, त्याच परिसराने आपल्या प्रांताच्या विधिमंडळास एक मोठा धडाही दिला. विधान परिषद म्हणजे काय, तिच्या शब्दास किती वजन असते आणि ते वजन कोण देते, हे महाडच्या तळ्याकाठी जितके स्पष्ट झाले तितके अन्यत्र क्वचितच झाले असेल. त्या इतिहासाचे येथे थोडक्यात स्मरण करावे, असा आमचा हेतू आहे.

आज आपण जिला विधान परिषद म्हणतो, तिचे मूळ १८६१ च्या कायद्यात आहे. या कायद्यान्वये मुंबई इलाख्यास स्वतःचे कायदे करणारे कौन्सिल मिळाले व १८६२ मध्ये त्याचे कामकाज सुरू झाले. सभासद सारे गव्हर्नरने नेमलेले. नाना शंकरशेट यांच्यासारखे एतद्देशीय गृहस्थ त्यात बसले. पण लोकांनी त्यांस निवडून दिलेले नव्हते. १८९२ च्या कायद्याने अप्रत्यक्ष निवडणुकीचा शिरकाव झाला व अंदाजपत्रकावर चर्चा करण्याचा आणि प्रश्न विचारण्याचा अधिकार सभासदांस मिळाला. लोकमान्य टिळक, नामदार गोखले यांची वाणी या सभागृहात ऐकू आली ती त्यानंतर. १९०९ च्या सुधारणांनी सभासदसंख्या वाढली. १९१९ च्या कायद्याने द्विदल राज्यपद्धती आली आणि शिक्षण, आरोग्य, स्थानिक स्वराज्य ही खाती लोकप्रतिनिधींपैकी निवडलेल्या मंत्र्यांकडे गेली. एक गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. १९३७ पर्यंत मुंबई इलाख्यास एकच सभागृह होते आणि त्याचेच नाव कौन्सिल होते. वरिष्ठ व कनिष्ठ असा भेद पुढचा आहे.

याच एकसदनी कौन्सिलात ४ ऑगस्ट १९२३ रोजी भंडारी समाजाचे पुढारी रावबहादूर सीताराम केशव बोले यांचा ठराव संमत झाला. सरकारी अथवा सार्वजनिक पैशांतून बांधलेले वा चालविलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, तसेच शाळा, न्यायालये, कचेऱ्या व दवाखाने यांचा उपयोग अस्पृश्य मानलेल्या वर्गांस करू द्यावा, अशी शिफारस त्या ठरावात होती. त्याच वर्षी सप्टेंबर महिन्यात सरकारने आपल्या खात्यांस तदनुसार आज्ञा दिली. पुढे जानेवारी १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने ठराव करून आपल्या हद्दीतील चवदार तळे सर्वांस खुले केले.

कागदावर पाहिले तर काम पूर्ण झाले होते. प्रांताच्या सर्वोच्च सभेने सांगितले, सरकारने आज्ञा काढली, नगरपालिकेने मान्यता दिली. परंतु तळ्याच्या पायऱ्यांवर काही बदलले नाही. ज्यांच्यासाठी ठराव झाला त्यांपैकी कोणी पाण्यास हात लावू धजत नव्हता. कौन्सिलचा ठराव हा कायदा नसतो, शिफारस असते. ती न पाळणाऱ्यास शिक्षा नसते. बोल्यांस हे उमजले होते. म्हणूनच १९२६ मध्ये त्यांनी आणखी एक ठराव मांडला व या शिफारशीचा अंमल न करणाऱ्या नगरपालिकांस व लोकल बोर्डांस सरकारी अनुदान देऊ नये, असे सुचविले.

१९२७ साली दोन गोष्टी जवळजवळ एकाच वेळी घडल्या. फेब्रुवारीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी मुंबई कौन्सिलाचे नियुक्त सभासद म्हणून शपथ घेतली आणि मार्चच्या १९ व २० तारखांस महाड येथे कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद त्यांच्या अध्यक्षतेखाली भरली. २० मार्च रोजी बाबासाहेब हजारो लोकांसह चवदार तळ्यावर गेले व ओंजळभर पाणी प्याले. कौन्सिलच्या एका सभासदाने कौन्सिलच्याच ठरावाची अंमलबजावणी स्वतःच्या ओंजळीने केली, असे या घटनेचे वर्णन केल्यास ते अतिशयोक्त होणार नाही.

या कार्यात आमच्या ज्ञातीची माणसे अग्रभागी होती, याचा आम्हांस अभिमान आहे. अनंत विनायक चित्रे यांनी परिषदेच्या उभारणीत मोठा वाटा उचलला. महाड नगरपालिकेचे अध्यक्षपद भूषविलेले सुरेंद्रनाथ ऊर्फ सुरबानाना टिपणीस हे उघडपणे सत्याग्रहींच्या बाजूस उभे राहिले. त्या काळी गावात राहून असे उभे राहणे म्हणजे आप्तस्वकीयांचा रोष पत्करणे होते. परंतु श्रेय घेताना उरलेली हकीकतही सांगितली पाहिजे. सत्याग्रहानंतर त्याच दिवशी परतणाऱ्या लोकांवर हल्ले झाले, पुढे तळ्याचे तथाकथित शुद्धीकरण करण्यात आले आणि ४ ऑगस्ट १९२७ रोजी नगरपालिकेने आपला १९२४ चा ठराव मागे घेतला. बोल्यांच्या ठरावास त्या दिवशी बरोबर चार वर्षे पूर्ण होत होती. महाड हे मोठे शहर नव्हे. तेथील नगरपालिकेत, पेठेत, आळ्यांत वावरणारे लोक आमच्या पूर्वजांचे शेजारी, व्यवहारातील सोबती, क्वचित पूर्वजही होते. दोघांची नावे अभिमानाने घेताना गप्प राहिलेल्या अनेकांस विसरणे हे इतिहासाशी प्रामाणिकपणाचे होणार नाही.

त्याच वर्षी डिसेंबरात प्रकरण न्यायालयात गेले. तळे खासगी आहे, अस्पृश्यांस तेथे न येऊ देण्याची वहिवाट अनादी आहे, असा दावा स्पृश्य मंडळींनी केला. मनाई हुकूम आला. डॉ. आंबेडकरांनी त्या वेळी हुकमाचा मान राखला. पुढे खालच्या न्यायालयांतून हा वाद मुंबई उच्च न्यायालयापर्यंत पोहोचला आणि १७ मार्च १९३७ रोजी निकाल लागला. अशी अनादी वहिवाट सिद्ध होत नाही, असे न्यायालयाने ठरविले. सत्याग्रहास दहा वर्षे पूर्ण होण्यास तेव्हा तीन दिवस उरले होते.

योगायोग असा की जुने कौन्सिल संपले तेही याच सुमारास. १ एप्रिल १९३७ पासून १९३५ च्या कायद्याची प्रांतिक स्वायत्तता अंमलात आली आणि मुंबईत प्रथमच दोन सभागृहे निर्माण झाली. १७५ सभासदांची विधानसभा व सुमारे ३० सभासदांचे वरिष्ठ सभागृह. मुंबई, मद्रास, बंगाल, संयुक्त प्रांत, बिहार व आसाम या सहा प्रांतांसच दुसरे सभागृह मिळाले. चिंतामणरावांनी सनदी नोकरीची उमेदीची वर्षे ज्या मध्यप्रांत-वऱ्हाडात घालविली, त्या प्रांतास ते मिळाले नाही. मंगळदास पक्वासा हे मुंबईच्या वरिष्ठ सभागृहाचे पहिले अध्यक्ष झाले.

या सभागृहाचा मतदार होण्यास मालमत्तेची व करभरण्याची अट बरीच उंच होती. साहजिकच जमीनजुमला बाळगणाऱ्यांचे ते सभागृह, अशी त्याची ख्याती झाली. कुळाचा आवाज खालच्या सभागृहातूनच उठावयाचा होता व तसा तो उठला. १७ सप्टेंबर १९३७ रोजी डॉ. आंबेडकरांनी विधानसभेत खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. त्यांच्या स्वतंत्र मजूर पक्षातर्फे निवडून आलेले अनंतराव चित्रे तेथे होते. १० जानेवारी १९३८ रोजी कोकणातील शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत कौन्सिल हॉलवर गेला. आमच्या ज्ञातीतील अनेक घराणी देशमुख, वतनदार, खोत अशी होती. त्या मोर्चाच्या मागण्यांनी त्यांपैकी पुष्कळांची झोप उडाली असेल. खोती अखेर १९४९ च्या कायद्याने गेली. त्यामुळे कित्येक घरांचे उत्पन्न बुडाले हे खरे. पण त्यानंतर त्या घरांतील मुलांनी विद्येची वाट अधिक निष्ठेने धरली, हेही तितकेच खरे.

संविधान सिद्ध होत असताना दुसरे सभागृह ठेवावे की नाही, हा निर्णय त्या त्या प्रांताच्या प्रतिनिधींवर सोपविण्यात आला. मुंबईने ते ठेवले, मध्यप्रांताने नाकारले. संविधानाच्या १७१ व्या कलमाने मात्र त्याचा पाया पालटला. मालमत्तेची अट गेली. एक तृतीयांश सभासद नगरपालिका, जिल्हा परिषदा आदी स्थानिक संस्थांनी निवडावयाचे, एक तृतीयांश विधानसभेच्या आमदारांनी, एक द्वादशांश पदवीधरांनी, तितकेच शिक्षकांनी, आणि उरलेले राज्यपालांनी साहित्य, शास्त्र, कला, सहकार व समाजसेवा या क्षेत्रांतून नेमावयाचे. महाराष्ट्रात हा हिशोब ७८ चा आहे : आमदारांचे ३०, स्थानिक संस्थांचे २२, पदवीधरांचे ७, शिक्षकांचे ७ आणि नियुक्त १२. सभागृह कधीच विसर्जित होत नाही. सभासदाची मुदत सहा वर्षांची व दर दोन वर्षांनी एक तृतीयांश निवृत्त होतात.

बोल्यांच्या ठरावाचा आशयही संविधानात उतरला. पंधराव्या कलमात विहिरी, तलाव, स्नानाचे घाट, रस्ते यांचा उल्लेख आहे आणि राज्याच्या पैशांतून चालणाऱ्या अशा जागी कोणासही जातीच्या कारणाने अडवू नये, असे म्हटले आहे. १९२३ ची शिफारस १९५० मध्ये मूलभूत हक्क झाली. मधल्या सत्तावीस वर्षांत जे घडले, त्यात महाडचा भाग फार मोठा आहे.

वरिष्ठ सभागृहाविरुद्ध आक्षेप नाहीत असे नाही. पराभूत पुढाऱ्यांची सोय लावण्याची जागा, दुहेरी खर्च, वेळेचा अपव्यय, असे त्यास म्हणतात. आक्षेपांत तथ्य आहे. साधे विधेयक परिषद प्रथम तीन महिने व दुसऱ्या खेपेस एक महिना रोखू शकते. धनविधेयक तर चौदा दिवसांपलीकडे नाही. म्हणजे अंतिम सत्ता विधानसभेचीच. पश्चिम बंगाल व पंजाब यांनी आपली परिषद मागेच विसर्जित केली, तामिळनाडूने १९८६ मध्ये. आंध्र प्रदेशाने १९८५ मध्ये बंद केलेली परिषद २००७ मध्ये पुन्हा सुरू केली. आज देशात सहाच राज्यांत विधान परिषद आहे.

परंतु अल्प सत्ता असलेल्या सभागृहातूनही मोठे कार्य होऊ शकते, याचे उदाहरण आपल्याच राज्यात आहे. १९६० ते १९७८ अशी अठरा वर्षे परिषदेचे सभापती असलेले वि. स. पागे यांनी रोजगार हमीची कल्पना चिकाटीने मांडली. १९६९ च्या सुमारास सांगली जिल्ह्यात विसापूर येथे तिचा प्रयोग झाला, १९७२ च्या दुष्काळात तिचा विस्तार झाला आणि १९७७ च्या कायद्याने मागेल त्यास काम हा हक्क ठरला. २००५ मध्ये देशाने केलेल्या रोजगार हमीच्या कायद्यास हीच वाट दिसली होती. ग. दि. माडगूळकर, ना. धों. महानोर यांच्यासारखे कवी याच सभागृहात बसले. नियुक्तीचा अधिकार नीट वापरला गेला म्हणजे काय होते, हे यावरून दिसते. तो नीट वापरला गेला नाही तर काय होते, हे वाचक जाणतातच.

आता मूळ मुद्द्याकडे वळू. १९२३ साली कौन्सिल महाडच्या नगरपालिकेस शिफारस करीत होते. आज महाडचे नगरसेवक वरच्या सभागृहाचे मतदार आहेत. नात्याच्या ग्रामपंचायतीच्या सदस्यास हे मत नाही. परंतु त्या भागातून जिल्हा परिषदेवर जाणाऱ्या सदस्यास आहे. जो प्रवाह वरून खाली येत असे, तो आता खालून वर जाऊ शकतो. तो निर्मळ राहणे हे मात्र सभागृहाच्या हाती नाही, तर निवडून देणाऱ्यांच्या हाती आहे.

आमच्या सुशिक्षित ज्ञातीस याहून जवळचा मार्गही आहे. कोकण विभाग पदवीधर मतदारसंघात ठाणे, पालघर, रायगड, रत्नागिरी व सिंधुदुर्ग हे जिल्हे येतात. पदवी मिळून तीन वर्षे झालेला तेथील रहिवासी मतदार होऊ शकतो. पण ही यादी विधानसभेच्या यादीप्रमाणे आपोआप पुढे चालत नाही. ती प्रत्येक निवडणुकीपूर्वी नव्याने केली जाते व प्रत्येकास नव्याने अर्ज करावा लागतो. पदवीचे प्रमाणपत्र भिंतीवर टांगणारी आणि मतदार यादीत नाव नसलेली घरे आमच्यात थोडी नाहीत. विद्येचा अभिमान बाळगावयाचा आणि विद्येमुळे मिळालेला हक्क वापरावयाचा नाही, ही विसंगती आहे.

चिंतामणराव १९५२ च्या निवडणुकीत कुलाबा मतदारसंघातून लोकसभेवर गेले. १९५६ मध्ये मुंबई महाराष्ट्रापासून वेगळी ठेवण्याचा विचार बळावला तेव्हा त्यांनी अर्थमंत्रिपदाचा त्याग केला. ज्या मतदारांनी पाठविले त्यांच्या वतीने बोलणे हे पदापेक्षा मोठे, एवढाच त्या कृतीचा अर्थ. बोल्यांचा ठराव, चित्रे-टिपणीसांचे धैर्य, बाबासाहेबांची ओंजळ आणि चिंतामणरावांचा राजीनामा, या चारही गोष्टी एकच सांगतात. सभागृहात उच्चारलेल्या शब्दामागे बाहेर कोणीतरी उभे राहावे लागते. आमच्या ज्ञातीतील तरुण-तरुणींनी नात्यास व महाडास जाताना रायगडाचे दर्शन अवश्य घ्यावे. परंतु चवदार तळ्याच्या काठी क्षणभर थांबून, येथे आपण कोणाच्या बाजूस उभे राहिलो असतो, हा प्रश्न स्वतःस विचारावा आणि त्याचे उत्तर आपल्या पुढील आचरणाने द्यावे, एवढीच आमची विनंती आहे.