केपटाउन करार आणि स्वदेशी परतलेल्यांचे पुनर्वसन

नाताळच्या ऊसमळ्यांसाठी करारबद्ध हिंदी मजुरांची पहिली तुकडी १८६० साली तेथे उतरली. मुदत संपल्यावर त्यांपैकी पुष्कळजण तेथेच स्थायिक झाले, आणि त्यांचे हे वास्तव्यच गोऱ्या राज्यकर्त्यांस डाचू लागले. १९१४ च्या कायद्याने, तेथील रहिवासाचा हक्क सोडणाऱ्यास हिंदुस्थानापर्यंतचा प्रवास विनामूल्य देऊ केला. १९२७ च्या केपटाउन कराराने या योजनेस नवे रूप दिले. प्रौढास २० पौंड व १६ वर्षांखालील मुलास १० पौंड असे अनुदान ठरले. परतलेल्यांची रक्कम उधळली वा लुबाडली जाऊ नये आणि त्यांना कुवतीनुरूप उद्योग मिळावा, यासाठी शक्य ते साहाय्य करण्याचे हिंदुस्थान सरकारने मान्य केले.

हेतू स्तुत्य होता. परंतु त्यामागील गृहीतकच डळमळीत होते. भवानी दयाळ संन्यासी व बनारसीदास चतुर्वेदी यांनी १९३१ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात परतलेल्यांची दैना उघड झाली. त्यांतील अनेकांचा जन्म नाताळचा. पूर्वजांचे गाव त्यांना केवळ ऐकून ठाऊक. येथील मजुरीत त्यांचा निर्वाह होईना, हवापाणी मानवेना आणि जातिबांधव त्यांना पंक्तीस घेण्यास कचरत. अनुदान संपताच पुन्हा समुद्रापलीकडे जाण्याची वाट शोधण्याखेरीज कित्येकांस गत्यंतर उरले नाही. अखेरीस १९३२ साली उभय सरकारांनी ही योजना जवळजवळ संपुष्टात आल्याचे मान्य केले. हिंदुस्थानातील आर्थिक स्थिती व हवामान यांबरोबरच, दक्षिण आफ्रिकेतील सुमारे ८० टक्के हिंदी लोक तेथेच जन्मलेले आहेत, हेही कारण त्यांनी नमूद केले.

या संदर्भात करारातील शब्दयोजना अभ्यसनीय आहे. ‘स्वदेशी परत पाठवणी’ हा बोचरा शब्द टाळून तेथे ‘साहाय्यित देशांतर’ असा सौम्य शब्द योजण्यात आला. हेतू सत्य झाकण्याचा असेल; पण नाताळात जन्मलेल्यापुरता हा शब्दच अधिक खरा ठरला. त्याच्या दृष्टीने हे परतणे नव्हतेच. ते देश सोडणे होते. म्हणून अशा माणसाचे पुनर्वसन बंदरावर हाती ठेवलेल्या रकमेने पुरे होत नाही. त्याला राबण्यास काम, बोलण्यास शेजार आणि पंक्तीत पान मिळते की नाही, हीच त्याची खरी कसोटी होय.