भिंतीवरची पुतळी

जुनी नाणी चौकटीत बसवून दिवाणखान्याच्या भिंतीवर टांगण्याची हौस आता आपल्या घरांतही आली आहे. महापे येथील औद्योगिक वसाहतीच्या आसपास स्थायिक झालेल्या एका कुटुंबाच्या घरी अशीच एक चौकट पाहावयास मिळाली. राणीछाप रुपयांच्या रांगेत, मधोमध, आजीच्या माळेतली सोन्याची पुतळी होती. तिची कडी मात्र सोनाराकडून कापून घेतलेली. नाणे नाण्यासारखे दिसावे, हा त्यामागचा हेतू!

पुतळी मुळात नाणेच. व्हेनिसच्या प्रजासत्ताकाने १२८४ साली डुकाट हे सोन्याचे नाणे पाडले. वजन सुमारे साडेतीन ग्रॅम, सोने जवळजवळ निर्भेळ. एका बाजूस संत मार्कच्या हातून ध्वज स्वीकारणारा, गुडघे टेकलेला व्हेनिसचा अधिपती. दुसऱ्या बाजूस ताऱ्यांच्या लंबगोलात आशीर्वाद देणारा ख्रिस्त. हे राज्य तुलाच अर्पण असो, अशा अर्थाची लॅटिन प्रार्थना त्याच्याभोवती कोरलेली. १७९७ साली ते प्रजासत्ताक लयास जाईपर्यंत हा छाप फारसा बदलला नाही. म्हणूनच मिरी-मसाल्याच्या मोबदल्यात तांबड्या समुद्रामार्गे आलेले हे नाणे आपल्या किनाऱ्यावरील व्यापाऱ्याने डोळे मिटून स्वीकारले. त्यावरील माणसांच्या आकृतींवरून लोकांनी त्यास पुतळी म्हटले, कडी लावली आणि माळेत ओवले. पुढे येथील सोनारही तसेच ठसे उठवू लागले. त्यांना लॅटिन येत नव्हते. म्हणून अशा पुतळ्यांवरची अक्षरे निरर्थक रेघा होऊन बसली आहेत.

भिंतीच्या कितीतरी आधी नाण्यांचे प्रदर्शन स्त्रियांच्या गळ्यात मांडले गेले होते, आणि तेही जातिधर्म न पाहता. वसईच्या ख्रिस्ती घरात पुतळ्यांची माळ होती, तशी शेजारच्या हिंदू घरातही. कडी हा त्या प्रवासाचा दाखला. ती कापली की पुतळी इटलीची राहत नाही आणि आपलीही राहत नाही. माझ्या मते माळ अखंडच टांगावी, शेजारी ती ल्यालेल्या आजीचे छायाचित्र असावे.

सुट्या नाण्यांना दोन्ही बाजूंनी काच द्यावी. नाहीतर ख्रिस्त किंवा संत मार्क यांपैकी एकजण कायमचा भिंतीकडे तोंड करून राहतो. गोंद लावू नये. पीव्हीसीच्या पाकिटांनी तांब्यावर हिरवा चिकट थर चढतो. चिंच, राख, पॉलिश यांपासून तर नाण्यांना दूरच ठेवावे. रुप्यावरचा काळसरपणा वयाचा आहे, मळाचा नव्हे. मांडणीचे नमुने पाहावयाचे असतील, तर मुंबईच्या फोर्ट भागात रिझर्व्ह बँकेने २००४ साली उघडलेले नाणेसंग्रहालय मुलांना अवश्य दाखवावे.

कायद्याची एक बाबही ध्यानी असू द्यावी. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुने नाणे ही पुरावस्तू ठरते व खासगी व्यक्तीस ते देशाबाहेर नेता येत नाही. आखातात वा कॅनडात स्थायिक होणाऱ्या मुलाच्या सामानात आजीची पुतळी मायेने ठेवणाऱ्या आईला हे बहुधा कोणी सांगितलेले नसते.