नाव आणि नाद : फाइल-देवाणघेवाणीच्या काळातील संगीताचा कर्तृत्वनिर्णय (१९९९–२००७)

एखाद्या कृतीवर लिहिलेले नाव हा तिच्या कर्तृत्वाचा पुरावा मानावयाचा की काय, हा प्रश्न हस्तलिखितांच्या अभ्यासकास नवा नाही. अप्रसिद्ध कवीची रचना प्रसिद्ध कवीच्या नाममुद्रेखाली नकलकारांच्या हातून पुढे जाते आणि प्रती जितक्या वाढतात तितकी चूक दृढ होते. विसाव्या शतकाच्या अखेरीस हाच प्रश्न ध्वनिमुद्रित संगीताच्या क्षेत्रात नव्याने उपस्थित झाला. मात्र पोथीच्या बाबतीत जे शतकांत घडे, ते येथे काही आठवड्यांत घडू लागले. चुकीच्या नावाच्या आणि बनावट संगीत-फाइलींचा इतिहास त्यामुळे केवळ तांत्रिक कुतूहलाचा विषय राहत नाही. तो प्रामाण्याच्या इतिहासाचा एक भाग ठरतो.

या घोटाळ्याचे मूळ फाइलीच्या घडणीतच आहे. एमपी३ ही ध्वनिसंक्षेपाची पद्धती मुख्यतः जर्मनीतील फ्राउनहोफर संस्थेच्या संशोधनातून सिद्ध झाली आणि १९९५ मध्ये तिच्या फाइलींसाठी हे नाव निश्चित झाले. परंतु गाणे कोणाचे, हे सांगण्याची सोय तीत मुळात नव्हती. ही उणीव भरून काढण्यासाठी १९९६ मध्ये एरिक केम्प याने आयडी३ ही नोंदपद्धती प्रचारात आणली. फाइलीच्या अखेरीस १२८ बाइटांची एक पट्टी जोडावयाची. तीत शीर्षक, कलावंत आणि संग्रह यांस प्रत्येकी ३० अक्षरे, वर्षास ४, अशी वाटणी होती. ही पट्टी आणि तिच्या आधीचा ध्वनी यांत कोणताही अंगभूत संबंध नव्हता. कोणीही ती पुसावी, कोणीही ती नव्याने लिहावी. फाइलीच्या बाह्य नावाची स्थिती तर याहून सैल होती. पेटीवरील चिठ्ठी बदलल्याने आतील वस्तू बदलत नाही, हे उघड आहे. परंतु शोध घेणाऱ्यास केवळ चिठ्ठीच दिसत होती.

जून १९९९ मध्ये शॉन फॅनिंग याने नॅप्स्टर सुरू केले, तेव्हा या सैल चिठ्ठ्यांवर एक प्रचंड सूची उभी राहिली. गाणी वापरणाऱ्यांच्या संगणकांवर असत. नॅप्स्टरच्या मध्यवर्ती यंत्रांवर फक्त त्यांच्या नावांची यादी असे. ज्याने जे नाव दिले, तेच सूचीत जाई. याचे प्रसिद्ध उदाहरण म्हणजे ‘डोन्ट वरी, बी हॅपी’ हे गीत. ते बॉबी मॅकफेरिन याचे असून १९८८ मध्ये प्रसिद्ध झाले. तथापि बॉब मार्ली याच्या नावाने त्याच्या असंख्य प्रती फिरल्या. मार्लीचा मृत्यू ११ मे १९८१ रोजी झाला होता. केवळ दोन सनावळ्या शेजारी ठेवल्या असत्या, तरी ही चूक टिकली नसती. पण तेवढी चिकित्सा प्रत उतरवून घेणारा करीत नाही. त्याचप्रमाणे कोणतेही विडंबनगीत ‘विअर्ड अल’ यांकोविक याच्या नावावर घातले जाई. त्यांतील कित्येक अश्लील असत आणि स्वच्छ विनोदासाठी ख्यात असलेल्या या कलावंताने त्याबद्दल उघड नाराजी व्यक्त केली. या दोन्ही उदाहरणांत हानी दुहेरी आहे : खऱ्या कर्त्याचे श्रेय जाते आणि प्रसिद्ध कर्त्यास न केलेल्या कृतीचा भार वाहावा लागतो.

येथवरची चूक अज्ञानजन्य होती. मार्च २००१ मध्ये तिला हेतूची जोड मिळाली. न्यायाधीश मेरिलिन हॉल पटेल यांच्या आदेशान्वये ध्वनिमुद्रण कंपन्यांनी गीत व कलावंत यांची नावे आणि फाइलींची नावे कळवावयाची व नॅप्स्टरने त्या फाइली रोखावयाच्या, असे ठरले. म्हणजे न्यायालयाचा प्रतिबंधही अखेरीस नावावरच आधारलेला होता. वापरणाऱ्यांनी लगोलग नावांची अक्षरे उलटसुलट केली. नावांच्या या रूपभेदांची ओळख पटविण्यासाठी नॅप्स्टरला ग्रेसनोट या संस्थेचे साहाय्य घ्यावे लागले आणि पुढे प्रत्यक्ष ध्वनीवरून गीत ओळखणारे ‘रिलेटेबल’ कंपनीचे तंत्रही स्वीकारावे लागले. तरीही जुलै २००१ मध्ये देवाणघेवाण बंद पडली. नाव हा ज्या क्षणी नियंत्रणाचा आधार होतो, त्या क्षणी ते खोटे करण्याचे कारणही निर्माण होते, हा या प्रकरणाचा बोध होय.

तिसरी अवस्था हक्कधारकांनी घडविली. २००० च्या शरद ऋतूत ‘बेअरनेकेड लेडीज’ या कॅनडातील वाद्यवृंदाने आपल्याच नव्या गीताच्या अशा फाइली पसरविल्या की, त्यांत आरंभी गाणे वाजे आणि मग कलावंतांचे बोलणे सुरू होई. एप्रिल २००३ मध्ये मॅडोना हिच्या ‘अमेरिकन लाइफ’ संग्रहाच्या नावाने फिरणाऱ्या फाइलींत, प्रत घेणाऱ्यास शिवराळ शब्दांत जाब विचारणारा तिचाच आवाज होता. त्यावर कोणी तिच्या संकेतस्थळात घुसखोरी करून तेथेच ती गाणी ठेवली. ओव्हरपीअर, मीडियाडिफेंडर यांसारख्या कंपन्यांनी तर बनावट फाइली पेरणे हाच व्यवसाय केला. या कामात काझा ज्या जाळ्यावर चाले त्या फास्टट्रॅकची एक उणीव उपयोगी पडली. मोठी फाइल लवकर तपासता यावी म्हणून तेथील ओळखचिन्ह फाइलीच्या काही ठरावीक तुकड्यांवरूनच काढले जाई. मधला भाग बिघडविला तरी चिन्ह तेच राही.

या प्रदूषणाचे पद्धतशीर मोजमाप २००५ मध्ये झाले. लियांग, कुमार, शी आणि रॉस यांनी फास्टट्रॅकच्या २०,००० हून अधिक केंद्रीय यंत्रांपैकी बहुसंख्य यंत्रे तासाभराच्या आत धुंडाळणारी यंत्रणा उभारली आणि नव्या लोकप्रिय गीतांत प्रदूषण सर्वत्र पसरले असल्याचे दाखविले. त्याच वर्षी क्रिस्टिन, वायगेंड आणि चुआंग यांनी अनवधानाने होणारे ‘प्रदूषण’ आणि हेतुपुरस्सर केलेली ‘विषपेरणी’ असा भेद केला. हा भेद इतिहासकारास महत्त्वाचा आहे. कारण नकलकाराचा प्रमाद आणि कूटलेखन यांची चिकित्सा एकाच मापाने करता येत नाही.

उपायांचा विचार करता त्यांच्या मर्यादा स्पष्ट दिसतात. फाइलीची लांबी मूळ तबकडीशी ताडून पाहिल्यास ढोबळ बनाव उघडकीस येतो. समान लांबीचा बनाव निसटतो. ब्रॅम कोहेन याच्या बिटटोरंट पद्धतीत (२००१) प्रत्येक तुकड्याचे स्वतंत्र ओळखचिन्ह असते, म्हणून बिघडलेला तुकडा तत्काळ नाकारला जातो. परंतु त्यायोगे सिद्ध होते ते एवढेच की, मिळालेली प्रत दात्याने जाहीर केलेल्या प्रतीशी जुळते. त्या प्रतीवरील नाव खरे आहे, हे सिद्ध होत नाही. ध्वनिमुद्रेवरून ओळख पटविणारी पद्धती अधिक खोल जाते, कारण ती चिठ्ठी सोडून नादाकडे वळते. तथापि त्या मुद्रेसमोर कोणाचे नाव लिहावयाचे, हे तिच्या संग्रहात पुन्हा कोणी माणूसच लिहितो.

सप्टेंबर २००७ मध्ये मीडियाडिफेंडरचा अंतर्गत पत्रव्यवहार फुटला आणि विषपेरणीचा व्यवहार कागदोपत्री उघड झाला. त्या काळातील कोट्यवधी प्रती मात्र खाजगी संग्रहांत शिल्लक राहिल्या. उद्याचा संगीतेतिहासकार त्यांचा साधन म्हणून उपयोग करू पाहील, तेव्हा फाइलीवरील नाव त्यास कर्त्याविषयी फारसे सांगणार नाही. ते नाव कोणी, कोणत्या समजुतीने वा कोणत्या हेतूने दिले, याची साक्ष मात्र ते देईल. आणि योग्य प्रश्न विचारल्यास ही साक्षही मोलाची ठरेल.