वेब सर्व्हरवरील रजिस्ट्री व मेमरीविषयक दोषांची पुनरावृत्ती : एक ऐतिहासिक मागोवा (१९९२ ते २००८)

प्रास्ताविक

विंडोज सर्व्हर २००३ या प्रणालीवर चालणाऱ्या वेब सर्व्हरच्या घटनानोंदीत, म्हणजे इव्हेंट लॉगमध्ये, १५१७ क्रमांकाची एक सूचना वारंवार आढळत असे. तिचा आशय असा होता : वापरकर्ता बाहेर पडत असताना एखादा प्रोग्रॅम अथवा सेवा त्याची रजिस्ट्री अद्याप वापरीत होती, रजिस्ट्री जतन केली आहे, मात्र तिने व्यापलेली मेमरी मोकळी झालेली नाही. ही नोंद ‘एरर’ या वर्गात नसून ‘वॉर्निंग’ या वर्गात पडे. संकेतस्थळ चालूच राही. त्यामुळे बहुतेक व्यवस्थापक ती वाचून पुढे जात. सर्व्हर फारच मंदावला तर तो बंद करून पुन्हा सुरू केला जाई आणि काही दिवस सर्व सुरळीत चाले. नंतर तीच नोंद पुन्हा दिसे.

पुन्हा सुरू करण्याने लक्षण जाते, पण त्याबरोबर कारणाचा पुरावाही जातो. मेमरीत जे घडले ते मेमरीतच पुसले जाते. या दोषांचा इतिहास पाहता उपाय व पुरावा यांमधील हा विरोध प्रत्येक टप्प्यावर आढळतो. प्रस्तुत लेखात विंडोज प्रणालीवरील वेब सर्व्हरपुरता त्याचा मागोवा घेतला आहे.

एकाच दप्तरात सर्व नोंदी

प्रारंभीच्या विंडोजमध्ये प्रत्येक प्रोग्रॅम आपल्या मांडणीची माहिती ‘आयएनआय’ प्रकारच्या साध्या मजकूर-फाइलीत ठेवीत असे. अशा फाइली जागोजागी विखुरलेल्या असत व त्यांच्या आकारास ६४ किलोबाइटची मर्यादा होती. १९९२ मधील विंडोज ३.१ मध्ये रजिस्ट्रीचे छोटे रूप प्रथम आले. १९९३ च्या विंडोज एनटी ३.१ मध्ये ती पूर्ण स्वरूपात अवतरली. गावोगावच्या चावड्यांतील दप्तरे उचलून एकाच कचेरीत आणावीत, तसा हा बदल होता. शोध सोपा झाला, अधिकार ठरवून देता येऊ लागले; परंतु कचेरीस आग लागली तर सर्वच दप्तर जाणार, हेही त्याबरोबरच आले. रजिस्ट्रीच्या प्रत्येक स्वतंत्र फाइलीस ‘हाइव्ह’, म्हणजे मधमाश्यांचे पोळे, असे नाव आहे. यंत्रणेचे एक पोळे, सुरक्षेचे दुसरे, आणि प्रत्येक वापरकर्त्याचे आपापले वेगळे.

रजिस्ट्रीचा दोष आणि मेमरीचा दोष हे दोन निराळे विषय समजले जातात. एनटी ४ आणि विंडोज २००० या प्रणालींत मात्र ते वेगळे नव्हतेच. तेथे रजिस्ट्री ‘पेज्ड पूल’ या प्रणालीच्या राखीव मेमरीत ठेवली जाई आणि तिच्या एकूण आकारावर मर्यादा असे; ही मर्यादा मूलतः त्या पूलच्या २५ टक्के, तर वाढवून जास्तीत जास्त ८० टक्के एवढी होती. वापरकर्त्यांची पोळी उतरली नाहीत तर ही मर्यादा गाठली जाई. उलट, एखाद्या सदोष ड्रायव्हरने पूल खाऊन टाकला तर निर्दोष रजिस्ट्रीही उघडेनाशी होई आणि पडद्यावर ‘पुरेशी साधनसामग्री नाही’ अशा अर्थाचा १४५० क्रमांकाचा दोष येई. दोषाचे नाव एका खात्याचे, मूळ मात्र दुसऱ्या खात्यात, असा हा प्रकार होता. विंडोज एक्सपी (२००१) व सर्व्हर २००३ मध्ये रजिस्ट्री या पूलबाहेर काढण्यात आली आणि आकाराची मर्यादा संपली.

मायक्रोसॉफ्टच्या आयआयएस या वेब सर्व्हरने आरंभी आपली मांडणी रजिस्ट्रीतच ठेवली होती. १९९७ च्या चौथ्या आवृत्तीत ती ‘मेटाबेस’ या वेगळ्या द्विअंकी फाइलीत गेली व २००३ च्या सहाव्या आवृत्तीत एक्सएमएल म्हणजे पुन्हा वाचनीय मजकुराच्या फाइलीत आली. ज्या साध्या फाइलींपासून सुटका म्हणून रजिस्ट्री आली, त्यांच्याच जवळपास दहा वर्षांनी परतावे लागले, हे लक्षणीय आहे.

चुकीच्या दारावरची पाटी

त्या काळात एएसपी तंत्राने बांधलेली अनेक लहान संकेतस्थळे ॲक्सेसच्या माहितीकोशावर चालत. त्यांवर ‘रजिस्ट्रीतील नोंद उघडता येत नाही’ अशा अर्थाचा दोष सर्रास येई. तो वाचून व्यवस्थापक रजिस्ट्री तपासू लागे. बहुधा रजिस्ट्रीत काहीच बिघडलेले नसे. माहितीकोशाच्या फाइलीचा मार्ग चुकीचा असे, किंवा निनावी पाहुण्यांसाठी आयआयएसने निर्माण केलेल्या खात्यास त्या ठिकाणी प्रवेशाचा अधिकार नसे. ओडीबीसी ड्रायव्हर तात्पुरती नोंद करावयास जाई, त्यात अडखळे आणि जेथे अडखळला तेथलेच नाव सांगे.

जुलै व ऑगस्ट २००१

या दोषांना सार्वजनिक महत्त्व आले ते ‘कोड रेड’ या संगणकीय कृमीमुळे. आयआयएसला जोडलेल्या अनुक्रमणिका-सेवेत, अपेक्षेपेक्षा लांब विनंती आल्यास मेमरीतील शेजारची जागा ओव्हरराइट होई. हा दोष जून २००१ मध्ये जाहीर झाला व दुरुस्तीही त्याच वेळी उपलब्ध झाली. तरीही १९ जुलै २००१ रोजी १४ तासांहून कमी वेळात ३,५९,००० हून अधिक संगणक या कृमीच्या ताब्यात गेले.

त्याचा पहिला अवतार डिस्कवर काहीच लिहीत नसे. तो फक्त मेमरीत राही. इंग्रजी प्रणालीच्या सर्व्हरवर पाहुण्यांना विद्रूप पान दिसे, पण व्यवस्थापकाने डिस्कवरील मूळ पान उघडले तर ते जसेच्या तसे असे. दहा तासांनी हे विद्रूपीकरण आपोआप नाहीसे होई. सर्व्हर पुन्हा सुरू केला की कृमी संपे. दुरुस्ती बसविली नसेल तर कोठल्या तरी दुसऱ्या बाधित संगणकाकडून तो परत येई. ‘बंद करून पुन्हा सुरू करा’ या उपायाची मर्यादा याहून स्पष्ट दिसणे कठीण.

ऑगस्टच्या प्रारंभी आलेल्या ‘कोड रेड २’ ने ही मर्यादा हेरली. शिरकाव त्याच मेमरीदोषातून. मात्र विंडोज २००० वर त्याने आपले ठाणे डिस्क व रजिस्ट्री या दोहोंत बसविले. प्रवेशानंतर प्रणालीने कोणता प्रोग्रॅम उघडावा याच्या रजिस्ट्रीतील नोंदीत ‘एक्सप्लोरर’ एवढे नाव होते, त्याचा पूर्ण पत्ता नव्हता. जुलै २००० मध्येच या उणिवेची दुरुस्ती प्रसिद्ध झाली होती. कृमीने त्याच नावाची बनावट फाइल डिस्कच्या मुळाशी ठेवली. नाव पाहून प्रणालीने आधी तीच उघडली. हा तोतया मग सर्व्हरच्या रजिस्ट्री-नोंदींत ‘सी’ व ‘डी’ या संपूर्ण डिस्का महाजालास खुल्या करणारे मार्ग लिही आणि काही मिनिटांच्या अंतराने ते पुन्हा पुन्हा लिहीत राही. व्यवस्थापकाने नोंद पुसली तरी ती परत उगवे. शिवाय एक किंवा दोन दिवस पसरल्यावर कृमी स्वतःच संगणक पुन्हा सुरू करी, म्हणजे पुढच्या प्रवेशाच्या वेळी तोतयाची वर्णी लागे. ज्या उपायाने जुलैतला कृमी मरत होता, त्याच उपायाने ऑगस्टमधला आपले काम पुरे करून घेत होता.

नियमित पुनरारंभाची व्यवस्था

जानेवारी २००२ मध्ये बिल गेट्स यांनी सुरक्षिततेस अग्रक्रम देणारे पत्र कर्मचाऱ्यांस लिहिले. एप्रिल २००३ मध्ये आलेल्या आयआयएसच्या सहाव्या आवृत्तीची बांधणी पुष्कळ बदललेली होती. येणाऱ्या विनंत्या प्रणालीच्या गाभ्यातील घटक स्वीकारी आणि प्रत्यक्ष काम वेगवेगळ्या ‘वर्कर प्रोसेस’ करीत. एक कोसळली तरी शेजारचे संकेतस्थळ उभे राही. प्रत्येक प्रोसेस मूलतः १७४० मिनिटांनी, म्हणजे २९ तासांनी, बदलली जाई. २४ नंतरची पहिली मूळ संख्या २९. हा बदल रोज एकाच वेळी होऊ नये म्हणून ती निवडली, असे या उत्पादनावर काम केलेल्या अभियंत्यांनी पुढे सांगितले आहे. जुनी प्रोसेस संपण्यापूर्वी नवी उभी राहत असल्याने विनंत्या हरवत नसत. पाच मिनिटांत पाचदा कोसळणारा गट मात्र थांबविला जाई व पाहुण्यास ५०३ क्रमांकाचा संदेश मिळे.

मेमरीची गळती होणारच, हे येथे गृहीत धरलेले दिसते. सेवा टिकविण्याच्या दृष्टीने हा निर्णय योग्यच म्हणावा लागेल. पण त्याची किंमत होती. प्रोसेसच्या मेमरीत ठेवलेली सत्राची माहिती बदलाबरोबर जाई आणि लांबलचक अर्ज भरत बसलेल्या माणसास कारण न कळता पुन्हा पहिल्या पानावर यावे लागे. गळणारा प्रोग्रॅम लिहिणाऱ्यास आपली चूक कळण्याची संधीही त्यामुळे कमी झाली. २९ तासांत जी गळती धोक्याच्या पातळीस पोहोचत नाही, तिच्याकडे कोण पाहणार?

सक्तीने उतरविलेले पोळे

१५१७ क्रमांकाच्या सूचनेतच एक सल्ला असे : सेवा व्यक्तीच्या खात्याखाली न चालविता ‘लोकल सर्व्हिस’ किंवा ‘नेटवर्क सर्व्हिस’ या खात्यांखाली चालवाव्यात. हा मूळ कारणापर्यंत जाणारा उपाय होता, परंतु तो करण्यासाठी प्रत्येक सेवेचे अधिकार नव्याने तपासावे लागत. मायक्रोसॉफ्टने ‘यूपीएच-क्लीन’ नावाची एक मोफत सेवाही दिली. ती वापरकर्त्याचे अडकलेले पोळे उतरविण्याचे काम करी. विंडोज व्हिस्टा आणि २००८ च्या सर्व्हरमध्ये हे काम प्रणालीनेच हाती घेतले. वापरकर्ता बाहेर पडला की त्याची रजिस्ट्री कोणी वापरीत असले तरी ती उतरविली जाऊ लागली आणि नोंदीचा क्रमांक १५१७ ऐवजी १५३० झाला.

मेमरी मोकळी झाली. मात्र ज्या सर्व्हरवर वेबसाठीचे कॉम-प्लस घटक एखाद्या व्यक्तीच्या खात्याखाली चालत, तेथे ती व्यक्ती कन्सोलवर येऊन बाहेर पडली की घटकाच्या पायाखालची रजिस्ट्रीच निघून जाई. पुढच्या विनंतीस १०१८ क्रमांकाचा दोष येई : काढून टाकण्यासाठी खूण केलेल्या नोंदीवर अवैध क्रिया. त्यावर सुचविलेला एक उपाय म्हणजे गटधोरणातील एक कलम चालू करणे. वापरकर्ता बाहेर पडताना त्याची रजिस्ट्री सक्तीने उतरवू नये, असे ते कलम सांगते. ते चालू केले की सर्व्हर पूर्वीप्रमाणे थांबून राहतो, आणि शेवटचा प्रोग्रॅम रजिस्ट्री सोडीपर्यंत तिची मेमरी अडकलेली राहते.