रंगाची कडा : एअरब्रश निवडण्यापूर्वी इतिहासाला विचारायचा प्रश्न

१/
फेब्रुवारी १९४३. जर्मन सैन्याने आपल्या रणगाड्यांचा रंग बदलण्याचा आदेश काढला. यापुढे कारखान्यातून रणगाडा गडद पिवळ्या रंगात बाहेर पडणार होता. त्यावर हिरवे आणि तांबूस तपकिरी पट्टे ओढण्याचे काम आघाडीवरील तुकड्यांकडे सोपवले गेले. रंग त्यांना घट्ट लगद्याच्या रूपात, डब्यांतून मिळे. तो पाण्यात किंवा पेट्रोलमध्ये कालवायचा आणि हाताशी असेल त्या साधनाने लावायचा.

२/
ज्या तुकडीपाशी फवारणीचे यंत्र होते, तिच्या रणगाड्यांवरील पट्टे कडेला विरत गेलेले दिसतात. जिथे ते नव्हते, तिथे कुंचला चालला आणि पट्ट्यांच्या कडा ठळक उमटल्या. एकाच कारखान्यातून आलेले दोन रणगाडे काही आठवड्यांतच वेगवेगळे दिसू लागत. जुन्या छायाचित्रातील रंगाची कडा पाहून तो रंग कुठे, कोणत्या साधनाने आणि किती घाईत चढला याचा अंदाज बांधता येतो. इतिहासाच्या अभ्यासकासाठी ती कडा हाच पुरावा आहे.

३/
आजचा धागा एअरब्रशविषयी आहे. प्रतिकृती, म्हणजे स्केल मॉडेल, बनवणाऱ्या तरुण मित्रांचा नेहमीचा प्रश्न असतो : कोणता एअरब्रश घ्यावा? त्याचे उत्तर बहुधा दुकानाच्या यादीत शोधले जाते. या धाग्याचे म्हणणे असे की आधी मूळ यंत्रावर रंग कसा चढला होता ते शोधावे. साधनाची निवड बव्हंशी त्या उत्तरातूनच निघते. मात्र त्याआधी या साधनाचा स्वतःचा इतिहास पाहू.

४/
१८७६ मध्ये अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यातील फ्रान्सिस एडगर स्टॅन्ली याने रंग फवारणाऱ्या एका उपकरणाचे पेटंट घेतले. वाफेवर चालणाऱ्या ‘स्टॅन्ली’ मोटारींमुळे पुढे प्रसिद्ध झालेल्या जुळ्या भावांपैकी हा एक. तीन वर्षांनी, १८७९ मध्ये, आयोवा राज्यातील अ‍ॅबनर पीलर याने जवाहिऱ्याच्या कार्यशाळेतील सुटे भाग जुळवून, हाताने चालणाऱ्या कॉम्प्रेसरवर आपले उपकरण बनवले. जलरंगातील चित्रांसाठी केलेले ते साधन ओबडधोबडच होते.

५/
पीलरच्या कल्पनेला बाजारात आणले ते इलिनॉय राज्यातील लिबर्टी वॉकअप याने. छायाचित्र मोठे करून त्यावर हाताने छटा देण्याचा व्यवसाय त्या काळी तेजीत होता. मृत आप्ताचे धूसर छायाचित्र भिंतीवर लावण्याजोगे करून घ्यायला लोक पैसे मोजत. गालावरची छाया हलकेच विरली पाहिजे, कुंचल्याचा फटकारा दिसता कामा नये, ही त्या कामाची अट होती. कडा न दिसणारा रंग ही एअरब्रशची जन्मजात ओळख आहे.

६/
आज आपण हातात धरतो त्या लेखणीसारख्या एअरब्रशचा जनक चार्ल्स बर्डिक. त्याचे साधन १८९३ च्या शिकागो येथील जागतिक प्रदर्शनात थेअर अँड चँडलर या कंपनीने मांडले. पुढे बर्डिक इंग्लंडला गेला आणि तिथे त्याचा एअरब्रश ‘एअरोग्राफ’ या नावाने विकला जाऊ लागला. शिकागोतच १९०४ मध्ये येन्स पाशे याने स्थापन केलेली कंपनी आजही हेच उत्पादन करते.

७/
बर्डिकच्या रचनेचे सार साधे आहे. एका बारीक नोझलच्या मधोमध टोकदार सुई बसते. सुईभोवतालच्या फटीतून रंग पुढे येतो, नोझलभोवतीच्या कड्यातून वेगवान हवा सुटते, आणि त्या वेगामुळे कमी झालेल्या दाबाने रंग ओढला जाऊन त्याचे तुषार होतात. सुई जितकी मागे सरकेल तितका रंग अधिक. सव्वाशे वर्षांनंतरही हे तत्त्व बदललेले नाही. बदलली ती धातूकामातील अचूकता.

८/
याच तत्त्वाचे मोठे भावंड म्हणजे स्प्रे गन. अमेरिकेतील टोलेडो शहराचे डॉक्टर अ‍ॅलन डीव्हिल्बिस यांनी रुग्णांच्या घशात औषध फवारण्यासाठी उपकरण केले होते. त्यांचा मुलगा थॉमस याने विसाव्या शतकाच्या आरंभी ती कल्पना रंगकामाकडे वळवली. १९२० च्या दशकात लवकर वाळणारे लॅकर आले आणि मोटारींच्या कारखान्यांत कुंचल्याची जागा फवाऱ्याने घेतली. दुसऱ्या महायुद्धातील बहुतेक विमाने आणि रणगाडे रंगले ते याच वारशातून.

९/
या साधनाची एक काळी बाजूही नोंदवायला हवी. मॉस्को-व्होल्गा कालव्याकाठी स्टॅलिनशेजारी उभा असलेला निकोलाय येझोव्ह १९४० मध्ये मृत्युदंडानंतर छायाचित्रातूनही नाहीसा झाला. त्याच्या जागी कालव्याचे पाणी आले. कात्री, कुंचला आणि एअरब्रश ही त्या काळच्या अशा कामांची हत्यारे. जे साधन कडा इतकी सफाईने लपवते, ते पुरावाही लपवू शकते. प्रतिकृती रंगवतानाही हे लक्षात असू द्यावे.

१०/
आता प्रतिकृतींकडे. १९४२ मध्ये अमेरिकी नौदलाने देशभरातील शाळकरी मुलांकडून विमानांच्या लाकडी प्रतिकृती करवून घेतल्या. मागणी पाच लाखांची होती आणि प्रमाण १:७२. त्यांवर रंग एकच, काळा. कारण हेतू होता आकृतीवरून शत्रूचे विमान ओळखायला शिकवणे. १:७२ ची प्रतिकृती १० मीटरवरून पाहिली, तर ती खरे विमान ७२० मीटरवरून पाहिल्यासारखी दिसते. या एका गणितावर सारे प्रशिक्षण उभे होते.

११/
तेच गणित रंगाच्या कडेला लावा. खऱ्या विमानावर दोन रंगांमधील विरलेली कडा २५ मिलिमीटर रुंद आहे असे समजू. १:३५ मध्ये ती ०.७ मिलिमीटर होते, १:४८ मध्ये ०.५, आणि १:७२ मध्ये अवघी ०.३५. बाजारातील एअरब्रशची नोझल बहुधा ०.२ ते ०.५ मिलिमीटरची असतात. नोझलचा व्यास म्हणजे रेषेची जाडी नव्हे, हे खरे. तरी प्रमाण लहान होत जाते तसा हाताला वाव किती उरतो, ते या आकड्यांवरून कळते.

१२/
प्लास्टिकचे किट १९३६ मध्ये ब्रिटनच्या ‘फ्रॉग पेंग्विन’ मालिकेने आणले. एअरफिक्सचे पहिले स्पिटफायर १९५३ चे. त्या पिढीतील मुलांनी ती विमाने एनॅमल रंगाने आणि कुंचल्याने रंगवली, आणि त्यांतील कित्येक सुंदर झाली. एअरब्रश नाही म्हणून छंद अडत नाही. काही विमानांच्या बाबतीत तर कुंचलाच इतिहासाला अधिक प्रामाणिक ठरतो. पुढची दोन उदाहरणे पाहा.

१३/
पहिल्या महायुद्धातील फॉकरचे तीन पंखांचे डीआर-१ विमान. रिश्टहोफेनचे लाल विमान सर्वांना ठाऊक असते. परंतु कारखान्यातून निघणाऱ्या विमानांचे कापड गडद हिरवट रंगाच्या कुंचल्याने फटकारे ओढून रंगवलेले असे. रंग संपत येई तसा फटकारा फिका पडे आणि खालचा पाया डोकावे. हे दृश्य एअरब्रशने साधत नाही. चपटा, अर्धवट कोरडा कुंचला घ्या आणि त्या कामगाराचा हात ज्या दिशेने फिरला त्याच दिशेने फिरवा.

१४/
त्याच काळातील अनेक जर्मन विमानांवर तर कॅमोफ्लाज रंगवलेलेच नव्हते. चार-पाच रंगांच्या बहुकोनी तुकड्यांची नक्षी कापडावर आधीच छापलेली असे आणि ते कापड पंखांवर ताणून बसवले जाई. फॉकर डी-७ हे याचे प्रसिद्ध उदाहरण. इथे कडा छपाईची आहे, म्हणून ती स्पष्ट हवी. हे काम डीकलचे. महागडा एअरब्रश या विमानापुढे फारसा उपयोगाचा नाही.

१५/
आता दुसरे टोक. १९४० च्या सुमाराची मेसरश्मिट १०९ विमाने : बाजूंवर करड्या रंगाचे पुसट डाग, काही फवारलेले, काही स्पंज वा कुंचल्याने थोपटलेले. फवारलेला २० सेंटिमीटरचा डाग १:७२ मध्ये २.८ मिलिमीटरचा होतो. इटलीच्या माकी सी-२०२ वर तर वाळूच्या रंगावर हिरवी धूम्रवलये फवारलेली असत. अशा विमानांसाठी ०.२ मिलिमीटरचे नोझल, पातळ रंग आणि कमी दाब हवा. खर्च सार्थकी लागतो तो इथे.

१६/
स्पिटफायर मध्ये कुठेतरी येते. त्याच्या हिरव्या-तपकिरी आणि पुढील काळातील हिरव्या-करड्या पट्ट्यांच्या सीमा नेमक्या असत. मघाचे गणित आठवा : खऱ्या विमानावर थोडी मऊ असलेली कडाही १:७२ मध्ये जवळजवळ रेषाच होते. म्हणून मास्किंग टेप किंवा पातळ लाटलेली मऊ पुटी लावून साध्या ०.३ च्या एअरब्रशने रंग द्यावा. हाताने फवारलेली रुंद धूसर कडा या प्रमाणात अर्ध्या फुटाची वाटू लागते.

१७/
आपल्या जवळचे उदाहरण नाशिकजवळील ओझरचे. तिथल्या हिंदुस्तान एअरोनॉटिक्सच्या कारखान्यात मिग-२१ एफएल विमाने तयार झाली. मूळ रूप उघड्या धातूचे, चकचकीत. १९७१ च्या युद्धाच्या सुमारास त्यांतील अनेकांवर घाईने कॅमोफ्लाज चढवले गेले. चंदेरी मिग करायचे तर एअरब्रशला पर्याय नाही, कारण धातूच्या रंगात कुंचल्याची प्रत्येक ओढ दिसते. युद्धकाळातील मिग करायचे तर आधी त्याच विमानाचे छायाचित्र शोधा. एकाचे रंगकाम दुसऱ्याला लागू पडेलच असे नाही.

१८/
आता निवड. वेगवेगळ्या काळांची यंत्रे करण्याचा विचार असेल, तर पहिला एअरब्रश ०.३ मिलिमीटर नोझलचा, ‘डबल अ‍ॅक्शन’ आणि वर कप असलेला घ्यावा. डबल अ‍ॅक्शनमध्ये ट्रिगर खाली दाबला की हवा सुटते, मागे ओढला की रंग येतो. रंगाचे प्रमाण बोटाच्या हालचालीवर राहते. वरच्या कपातून रंग आपल्या वजनाने उतरतो, म्हणून कमी दाबावर आणि चार थेंब रंगावरही काम होते.

१९/
‘सिंगल अ‍ॅक्शन’मध्ये ट्रिगर फक्त हवा सोडतो, रंगाचे प्रमाण आधीच स्क्रूने ठरवावे लागते. प्रायमर, एकरंगी रणगाडे, जहाजांची लांबलचक अंगे यांना ते पुरते आणि शिकायला सोपे असते. मोठ्या कामासाठी ०.४ किंवा ०.५ चे नोझल सोयीचे. ०.२ ने सुरुवात मात्र करू नये : त्यात रंग लवकर अडकतो, सुईच्या टोकावर वाळतो, आणि नवशिक्याला वाटते की दोष आपल्या हाताचा आहे.

२०/
सारे पैसे एअरब्रशवर घालवू नयेत. हवेची टाकी, दाब ठरवणारा रेग्युलेटर आणि पाणी अडवणारा सापळा असलेला कॉम्प्रेसर तितकाच महत्त्वाचा. टाकी नसेल तर हवा धडधडत येते आणि रेषेत ठिपके उमटतात. मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात पाण्याच्या सापळ्याविना रंगात थेंब पडलाच म्हणून समजा. दाब साधारण १५ ते २० पीएसआय, रंग दुधाइतका पातळ, खिडकी उघडी आणि तोंडावर रासायनिक वाफ अडवणारा मास्क. सुट्या सुया व नोझल आपल्या गावी मिळतात का, तेही आधी विचारावे.

२१/
शेवटी एका फॅशनविषयी. विमानाच्या प्रत्येक पत्र्याच्या सांध्यावर काळी छटा फवारून मधला भाग उजळवण्याची रीत सध्या सर्वत्र दिसते. प्रतिकृती त्यामुळे देखणी होते, हे मान्य. परंतु खऱ्या विमानाच्या छायाचित्रात तशी जाळी क्वचितच दिसते. विमान मळते ते जिथे तेल गळते, धूर लागतो आणि मेकॅनिकचे बूट पडतात तिथे. साधनाला जमते म्हणून छटा दिली, तर आपण त्या विमानाचा भूतकाळ रंगवत नसून आपल्या एअरब्रशची करामत रंगवत असतो.

२२/
म्हणून खरेदीपूर्वी तीन प्रश्न कागदावर लिहावेत. माझे यंत्र कोणते, कोणत्या वर्षाचे? त्यावरचा रंग फवारलेला, कुंचल्याने दिलेला की छापलेला? आणि माझ्या प्रमाणात त्या कडेची रुंदी किती? उत्तर ०.२ चे एअरब्रश असेल, ०.५ चे असेल, किंवा घरात आधीपासून असलेला कुंचलाही असेल. १९४३ च्या त्या तुकड्यांना साधन निवडण्याची मुभा नव्हती. आपल्याला ती आहे. आणि त्यांच्या हातून उमटलेली कडा जशी होती तशी दाखवण्याची जबाबदारीही.

आपण सध्या कोणते यंत्र रंगवत आहात? त्याचे वर्ष, प्रमाण आणि हाती असलेले छायाचित्र खाली मांडा. त्याची कडा आपण मिळून वाचू.